एका वेताची दोघं

मालोजीबाबा भिसेगावात लेकीकडे राहायला आले ते चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि दोन कुत्री. मी तेव्हा त्यांच्या लेकीच्या, जनाच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि कर्जतच्या शाळेत शिकवायची. परसात माझ्या पाच कोंबड्या होत्या. हे आधीच सांगते, कारण त्यातल्या तीन पुढे राहिल्या नाहीत.

बाबा मूळचे पोशीरचे. भातशेती करणारे, पण नेरळच्या आसपास लोक त्यांना ओळखत ते कुत्र्यांमुळे. आश्विनात भात पिकायला लागलं की रानडुकरं डोंगरातून उतरायची आणि एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून टाकायची. मग गाव शिकारीला निघायचं आणि पुढे मालोजीची कुत्री. वीसेक वर्षं त्यांनी ही कुत्री निवडून निवडून वाढवली होती. पिल्लं दोन महिन्यांची झाली की ते डुकराचं वाळकं कातडं दोरीला बांधून अंगणातून ओढायचे. जे पिल्लू दात रोवून फरफटत येईल पण कातडं सोडणार नाही, ते ठेवायचं. बाकीची लोकांना देऊन टाकायची.

पिंगळी अशीच ठेवलेली. तिचा जबडा उघडायला त्यांना काठी घालावी लागली होती म्हणे. तिचा भाऊ काबऱ्या कातड्याचा वास घेऊन बाजूला जाऊन बसला. तोही कुणाला तरी दिला गेला असता, पण बाबांची बायको गंगाबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि ते पिल्लू तिच्या पायाशी जाऊन झोपायचं. तिच्यासाठी म्हणून तो राहिला. पुढे शिकारीला जायचा तोही, पण मागे मागे.

मग दोन-तीन वर्षांत सगळंच बदललं. शिकारीचा नवा कायदा आला आणि जंगलखात्याचा गार्ड गावात येऊन बजावून गेला. त्याआधीच्या शेवटच्या शिकारीत डुकराने बाबांची मांडी फाडली होती, ती कायमची आखडली. गंगाबाई गेल्या. शेत धाकट्या भावाच्या, श्रीपतच्या हाती देऊन बाबा लेकीकडे आले.

सगळ्यांना वाटलं, रानातला माणूस, इथे झुरेल. तसं काही झालं नाही. बाबांना भिसेगाव फार आवडलं. सकाळी दारात नळाला पाणी यायचं याचंच त्यांना कौतुक. बेकरीतली बटरं चहात बुडवून खायची, रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, न्हाव्याच्या दुकानात तासभर बसायचं. कुणी शिकारीच्या गोष्टी काढल्या की ते विषय बदलायचे. माझ्याकडे बुद्धाच्या तसबिरीखालच्या बाकावर बसून एकदा म्हणाले, "बाई, लोकांना वाटतं मला रान आठवतं. मला नाय आठवत. लई धावलो. आता बसू द्या."

काबऱ्याही बसला. पंधरवड्यात तो जनाच्या चार वर्षांच्या मुलीचा झाला. ती त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायची, त्याच्या कानात कागद घालायची, आणि तो फक्त सुस्कारा टाकायचा. दूधभाकरी खाऊन त्याचं पोट सुटलं.

पिंगळीला साखळीने पेरूच्या झाडाला बांधलं होतं. ती बसतच नसे. साखळी जाईल तितकं अर्धवर्तुळ ती दिवसभर चालायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. महिन्याभरात तिथलं गवत गेलं आणि जमीन टणक झाली. पुढ्यातली भाकरी दोन घासांत गिळायची आणि पुन्हा चालायला लागायची. तिची साखळी खळखळत राहायची आणि मला माझ्या खोलीत वह्या तपासताना ती ऐकू यायची. थांबली तर उलट मी दचकायची.

जनाचा नवरा सहदेव खोपोलीला कागदाच्या कारखान्यात होता. रात्रपाळी असली की सकाळी येऊन झोपायचा. तेवढ्यात पिंगळी मान वर करून रडायला लागायची. भुंकणं नव्हे ते, लांबलचक ओढलेला एकच सूर. सहदेव शांत माणूस. पहिले काही दिवस तो उठून पाणी पिऊन पुन्हा पडायचा. नंतर तो उठून नुसताच उंबऱ्यात बसून राहायला लागला, डोळे लाल. जना मग दबक्या आवाजात बापाला म्हणायची, "बाबा, हिला गप करा ना." बाबा पिंगळीजवळ जाऊन बसायचे. ते बसले की ती गप्प व्हायची, पण तिच्या कातडीखालून काहीतरी सरसरत राहायचं, खांद्यापासून शेपटीपर्यंत.

ऑगस्टमध्ये तिने साखळीची कडी झाडातून उपटली आणि माझ्या कोंबड्यांत शिरली. मी शाळेतून आले तेव्हा तीन कोंबड्या जनाच्या पायरीवर ओळीने ठेवलेल्या होत्या आणि पिंगळी शेजारी उभी राहून बाबांच्या तोंडाकडे बघत होती. मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. पण त्या कुत्रीची नजर बघून मी हातातल्या वह्या नुसत्या खाली ठेवल्या. तिला वाटत होतं, तिने काम केलंय. बाबांनी तिला मारलं नाही. मला म्हणाले, "बाई, चूक तिची नाय."

मग ते तिला रोज सकाळ-संध्याकाळ उल्हास नदीवर न्यायला लागले. आखडलेल्या मांडीने, काठी टेकत. नदीच्या पलीकडे झाडीत ते तिला सोडायचे आणि दगडावर बसून राहायचे. अर्ध्या तासाने ती यायची, जीभ लोंबत, अंगभर गोचीड आणि काटे. घरी आली की दोन तास पडायची. दोनच तास. बाबांचा पाय मात्र संध्याकाळी सुजायचा, जना तेल चोळायची आणि चोळता चोळता बडबडायची.

गणपतीच्या सुमारास ती गोष्ट घडली. आळीतली मुलं आमच्या परसात पकडापकडी खेळत होती. साखळी त्या दिवशी बाबांच्या हातात होती, पण सैल. मुलं धावली तशी पिंगळी सुटली. जनाची मुलगी सगळ्यांत मागे होती. पिंगळीने तिला मागून गाठलं, फ्रॉक दातांत धरला आणि तिला चिखलात पालथं पाडून वर उभी राहिली. चावली नाही. ओरखडासुद्धा नव्हता. फ्रॉक धरून ती फक्त उभी होती आणि मान फिरवून बाबांची वाट बघत होती. मुलगी श्वास कोंडल्यासारखी पडून राहिली, मग किंचाळली. बाबांनी दोन बोटं पिंगळीच्या जबड्यात घालून फ्रॉक सोडवला.

त्या संध्याकाळी सहदेव म्हणाला, "मामा, मी काय बोलत नव्हतो. कोंबड्या झाल्या, झोप झाली. पण आता पोरीवर आलं."

"धरून ठेवलं तिनं. चावली नाय."

"आज नाय चावली."

जना चुलीपुढून नवऱ्याला म्हणाली, "कारखान्यातल्या कुणाची बंदूक हाय का, ते तरी विचारा. नायतर आपल्या पोरीला तरी कुठं पाठवा." मग तिलाच रडू आलं. आईच्या आजारपणात हीच दोन कुत्री तिच्या आईच्या खाटेजवळ असायची, हे ती विसरली नव्हती.

बाबांनी आधी माथेरानचा मार्ग काढला. तिथल्या एका हॉटेलात त्यांच्या ओळखीचा माळी होता, त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. बाबांनी तिला तिकडे पोचवलं. पाचव्या दिवशी ती तुटका दोर गळ्यात घेऊन डोंगर उतरली. पण भिसेगावला आली नाही. पोशीरला गेली, श्रीपतच्या अंगणात. श्रीपत तिला घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "दादा, मी ठेवली असती. पण ती येकटीच रानात शिरते. उद्या काय मारून आणलं तर गार्ड माझ्या दारात."

म्हणजे पुन्हा पेरूचं झाड. त्या आठवड्यात बाबा न्हाव्याकडे गेले नाहीत. रेडिओही लावला नाही. माझ्याकडे आले आणि बराच वेळ काडेपेटी हातात फिरवत बसले.

"मीच केली तिला अशी," म्हणाले. "तिच्या आईला बघून, बापाला बघून, त्यांच्या आधीच्यांना बघून. जो सोडत नाय तोच ठेवायचा. आता म्हणतो, सोड. कसं सोडंल?"

मी म्हटलं, "काबऱ्याने सोडलं ना."

"त्यानं धरलंच नव्हतं बाई."

कान्हाचं नाव मीच त्यांना सांगितलं, हे मात्र मला बरं वाटतं. माझ्या वर्गातली एक मुलगी खालापूरच्या बाजूची होती, चौक गावाच्या वर डोंगराच्या सोंडेवर तिच्या मामाची वाडी. ठाकर आदिवासींची दहाबारा घरं. तिचा मामा कान्हा उतारावर वरी-नाचणी करायचा आणि डुकरांनी त्याला हैराण केलं होतं. मारायची नाहीत, नुसती हाकलायची, तर त्याला धीट कुत्रं हवं होतं.

विटांच्या टेंपोतून बाबा चौकपर्यंत गेले. दोन्ही कुत्री नेली, कारण काबऱ्या टेंपोच्या मागे धावायला लागला आणि जनाची मुलगी रडायला लागली, म्हणून परत आणायच्या कबुलीवर त्यालाही घेतलं. वर जायला बाबांना दोन तास लागले. कान्हाने पिंगळीचे दात बघितले, पंजे बघितले आणि सरळ सांगितलं, "हितं कोन तिचे लाड करनार नाय. भाकर मिळंल. घरात घेनार नाय. डुकरानं फाडली तर मी शिवीन, जमंल तशी. मेली तर पुरीन."

"हाय कबूल," बाबा म्हणाले.

दिवस कलताना नाचणीच्या कडेला कारवीच्या झुडपांत काही हललं. कान्हाने तोंडाने आवाज काढला, बाबांना तो आवाज ठाऊकही नव्हता, पण पिंगळीला कळला. ती गेली. खालच्या ओढ्यापर्यंत तिचा आवाज ऐकू येत राहिला आणि हा रडण्याचा सूर नव्हता, तुटक, ठणठणीत भुंकणं होतं. काबऱ्या बाबांच्या दोन पायांमध्ये बसला होता. कान टवकारले त्याने, उठला, चार पावलं गेला आणि परत येऊन बसला.

पिंगळी आली तेव्हा तिचा खांदा बोटभर फाटला होता. ती पाणी प्यायली आणि कान्हाच्या गोठ्याच्या भिंतीला लागून आडवी झाली, चारही पाय ताणून. बाबांनी मला हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याच शब्दांत: "पोट वर-खाली होत होतं, बाई, बाकी काय हलत नव्हतं." ते उठले तेव्हा तिने डोळा उघडला आणि मिटला. मागे आली नाही.

जनाला हे पटलं नाही. घरात शांतता आली, सहदेव झोपायला लागला, तरी ती म्हणायची, "फाटलेल्या खांद्यानं टाकून आलात. बांधलेली होती तरी जिवाला धोका नव्हता." बाबा म्हणायचे, "नव्हता." एवढंच. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते दिसायचं मात्र. पावसाळा संपला की ते दर वर्षी एकदा चौकला जायचे आणि येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. पिंगळीच्या अंगावरच्या खुणा ते बोटांवर मोजायचे, मानेवर एक, बरगडीवर दोन.

एकोणऐंशीत कान्हाने निरोप पाठवला. डुकराने तिचा मागचा पाय मोडला होता, हाड वाकडं जुळलं, आता ती धावू शकत नव्हती. "तुमाला न्यायची तर न्या, नायतर हाय हितं." सहदेव स्वतः बाबांबरोबर गेला आणि तिला खांद्यावर घेऊन डोंगर उतरला.

ती आमच्या आळीत सात महिने जगली. साखळीची गरज नव्हती. नऊ वर्षांची झालेली जनाची मुलगी तिच्याजवळ जायला आधी घाबरायची, मग तिला अंगणात ऊन दाखवायला न्यायला लागली. पिंगळी तिला अंगाला हात लावू द्यायची, पण मान फिरवून डोंगराकडेच बघायची. येणारे-जाणारे म्हणायचे, बघा, शेवटी माणसाळली. जनालाही तसं वाटायचं. तिने एकदा बापाला विचारलंसुद्धा, "आता तरी बरी हाय ना ती?"

बाबा म्हणाले, "दमली हाय गं. मला ते दोन येक वाटत नाय."

काबऱ्या तिच्या बाजूला येऊन झोपायचा. भाऊच तो. ती त्याला हुंगायची, थोडी सरकायची. कार्तिकात शिवारात भात कापायला लागले तेव्हा एक दिवस ती लंगडत लंगडत बांधापर्यंत गेली. बाबा मागून गेले. त्यांनी तिला बोलावलं नाही, अडवलंही नाही. दोघं तासभर तिथे उभे होते, मग तीच वळली. आठवड्याने तिने खाणं सोडलं.

काबऱ्या पुढे दोन वर्षं होता. पलंगाखाली झोपेतच गेला. जनाची मुलगी दोन दिवस जेवली नाही. त्याच्यानंतर जनाने शेजारच्या कुत्रीचं एक पिल्लू आणायचं ठरवलं आणि बापाला निवडायला बोलावलं. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते गेले. चार पिल्लांपुढे बराच वेळ उकिडवे बसले, आखडलेली मांडी बाजूला ताणून. खिशातून हातरुमाल काढून त्यांनी जमिनीवर ओढला. दोन पिल्लांनी तो पकडला आणि सोडला. एकाने गुरगुरून पकडला तो सोडेचना. चौथं पिल्लू रुमालाकडे बघून जांभई देत मुलीच्या पायावर येऊन पडलं.

"हे न्या," ते म्हणाले आणि गुरगुरणाऱ्या पिल्लाकडे बघत तसेच बसून राहिले. रुमाल त्याच्या तोंडातून सोडवायला त्यांनी हात पुढे केला नाही. जनाने दोनदा हाक मारली, "बाबा, चला ना." तरी ते उठले नाहीत.