निरशा दुधाची वाटी

आष्टीकडच्या माळावर गहिनीनाथाची वस्ती होती, आणि रोज दिवस उगवायच्या सुमारास तिथे माणसे येऊन उभी राहत. त्यांत गिऱ्हाईक एकही नसे. गिऱ्हाइकाचे दूध कॅनमध्ये भरून फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात जाई. दारात उभी असत ती हक्काची माणसे. कुणाचे लेकरू खोकत असे, कुणाची सून बाळंतीण असे, कुणाच्या म्हाताऱ्याने अंथरूण धरलेले असे. गहिनीनाथ पितळेची वाटी शेळीच्या कासेखाली धरी, धार सोडी, आणि फेस काठाला टेकला की समोरच्याच्या हातात देई.

"ऊन हाय तवर पी. देवाचं नाव घे अन् पी."

आज्ज्याने घालून दिलेला नेम होता: विकायचे ते विका, पण द्यायचे दूध चुलीवर चढवू नका, दानाचे दूध तापवले की शेळीची कास जळते. गहिनीनाथाने तो नेम गळ्यातल्या तुळशीच्या माळेइतकाच जपला होता. चाळीस शेळ्या राखाव्यात, एकादशीला भजनात टाळ धरावा, आणि निरशा दुधाची वाटी कुणाला नाकारू नये, एवढाच त्याचा धर्म. गाव त्याला भला माणूस म्हणे. आणि खरे सांगायचे तर, ते ऐकायला त्याला फार गोड लागे.

मार्गशीर्षात त्याच्या शेळ्या गाभडू लागल्या. आज एक, चार दिवसांनी दुसरी. महिना सरता सरता सात झाल्या. मेलेली करडे त्याने उघड्या हातांनी ओढून काढली. पोटात अडकलेल्या वारा कोपरापर्यंत हात घालून सोडवल्या, कुंपणापलीकडे फेकल्या, आणि मूठभर मातीने हात चोळून तो पुन्हा धार काढायला बसला. बाभळीच्या काट्यांनी ते हात नेहमीच फाटलेले. कळप गाभडला की मेंढपाळ, शेळकरी एकच म्हणतात, मालकाच्या हातून काही पाप घडले असेल. ज्याला गाव भला म्हणते, त्याने हे कुणाला कसे सांगावे? त्याने सांगितले नाही. आणि वाटी चालूच राहिली.

माघात त्याला ताप आला. संध्याकाळी अंग कापे, पहाटे सदरा घामाने पिळून निघे. आठ दिवस बरे जात, की ताप पुन्हा हजर. कंबर धरली. आणखी एक दुखणे होते, ते त्याने बायकोलाही सांगितले नाही. धोतराआड एका बाजूला सूज होती, उकिडवे बसवत नव्हते.

"गुडघं टेकून कावून धार काढता?" साखराबाईने विचारले.

"वय झालं आता."

माळकऱ्याला तिथे दुखणे झाले असे कळले, तर लोक काय काय बोलतील, या विचारानेच त्याचे कान तापत.

त्यातच सुकन्या, त्याची एकुलती लेक, सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरात सण उतरला. रोजची पहिली वाटी आता तिची. ती नाक मुरडी, "आबा, शेळीचा वास येतो," आणि तो हसून म्हणे, "पी गं माझे माय. नातवाच्या हाडात लोखंड भरतंय." तिसऱ्या आठवड्यात सुकन्येचे अंग तापू लागले, कंबर दुखू लागली, पहाटे उशी भिजू लागली. बापाने ती भिजलेली उशी पाहिली, आणि त्याला स्वतःचा सदरा आठवला. आठवून त्याने मान फिरवली.

तिला आष्टीला डॉक्टर शाईस्ताकडे नेले. स्टँडवरच्या फळवाल्या युसूफभाईंची ही लेक. साखराबाईने तिला केळ्यांच्या गाड्याखाली अभ्यास करताना पाहिलेले. डॉक्टरांनी सुकन्येला खाटेवर झोपवले, पोट तपासले, बाळाचे ठोके ऐकले, आणि विचारले,

"काका, घरी शेळ्या आहेत ना?"

"हायत की. चाळीस."

"यंदा कुठली गाभडली?"

प्रश्न साधा होता. साखराबाई नवऱ्याकडे पाहत होती. गहिनीनाथाचे बोट माळेच्या मण्यावर थांबले.

"न्हाई."

"आणि दूध? तापवूनच पिता ना?"

"हां. तापवूनच."

"बरं. मग दुसरं काही शोधावं लागेल. दोन दिवस हिला इथंच ठेवू," असे म्हणून डॉक्टर कागदावर लिहू लागल्या.

दोघे बाहेर बाकावर येऊन बसले. साखराबाई आत बोलली नव्हती. चारचौघांत नवऱ्याला खोटे पाडायची तिची रीत नव्हती. आता ती हळू आवाजात म्हणाली, "सात गाभडल्या. तुमी फेकलेल्या दोघींच्या वारा म्या माझ्या हातानं पुरल्या. कावून खोटं बोललात?"

"तू मधी पडू नगंस."

"न्हाई पडत. माळ तुमच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाई."

तिने पदर डोळ्यांवर ओढला. तेवढ्यात आतून सुकन्येची हाक आली, थकलेली, लाडाची.

"आबा, हितला चहा लई पांचट हाय. उद्या येताना आपलं दूध आना मला."

अहो, ज्याने जन्मभर टाळ कुटला, ज्याने देवाच्या दारी सत्याचे गोडवे गायले, त्याच्या मुखातून लेकीच्या जिवावर बेतलेले असत्य निघाले होते, आणि लेक अजून त्याच हाताकडे दूध मागत होती! गहिनीनाथ उठला. दारापर्यंतची सहा पावले त्याला सहा कोस झाली.

"बाई, म्या खोटं बोललो. सात गाभडल्या. अन् पोरीला रोज निरसं दूध पाजलं. ह्या हातानं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "तुम्हाला ताप येतो, काका?"

"येतो."

"कंबर? आणि खाली, एका बाजूला सूज?"

भिंतीने पोटात घ्यावे असे त्याला झाले. खाटेवर लेक, दारात बायको. त्याने जमिनीकडे पाहून होकाराची मान हलवली.

"या रोगात तसं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "ब्रुसेला म्हणतात याला. मी तुमचं चारित्र्य विचारलं नाही, दूध विचारलं. गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, रक्तातून, दुधातून हा माणसात येतो. फाटक्या हातांना तर वाटच मोकळी. जनावरांमागे जगणाऱ्यांत हा ताप काही कमी नाही, काका. कुणी टायफॉईडच्या गोळ्या खातं, कुणी मलेरियाच्या, आणि वर्ष काढतं. शेळी गाभडलेली कुणी सांगत नाही, म्हणून रोग सापडत नाही."

"अन् हॉटेलात घालतो ते दूध?"

"ते उकळतं. उकळल्यावर जंतू मरतात. त्या लोकांना त्याची भीती नाही."

गहिनीनाथाने मनाशी हिशेब मांडला. म्हणजे जे विकले ते निर्मळ निघाले. जे प्रेमाने दिले, देवाचे नाव घेऊन दिले, तेवढेच बाधले.

रक्ताच्या तपासणीत दोघांच्याही अंगात तोच रोग निघाला. त्याला सहा आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या, सुकन्येला पोटुशीला चालतील अशा वेगळ्या. "बाळाचं?" साखराबाईने विचारले. "औषध वेळेत सुरू होतंय. शब्द मात्र देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग गहिनीनाथाकडे वळून त्यांनी विचारले, "आणखी कुणाकुणाला दिलं ते दूध?"

दुसऱ्या दिवशी तो हातात वाटी न घेता गावात शिरला. ज्या ज्या दारी दूध गेले होते, त्या त्या दारी गेला. "माझ्या शेळ्या गाभडल्या हुत्या. म्या लपीवलं. ताप येत आसंल तर रगत तपासा." कुणी पाणी दिले, कुणी दार लावून घेतले. खोकणाऱ्या लेकराचा बाप रामकिसन ओट्यावरून ओरडला, "दान करतो म्हनं! आरं, इख वाटत फिरला तू!" त्याने ऐकून घेतले. म्हाताऱ्या भिवराबाईला संक्रांतीपासून ताप येई. ती त्याला म्हातारपण समजून बसली होती. ती म्हणाली, "वाटी देताना हात न्हाई कापला तुजा, आता कापतोय व्हय? बस. मला दवाखान्यात ने आधी, रड मागनं." त्याने नेले. तपासलेल्या अकरा जणांत चौघांना रोग निघाला, भिवराबाई त्यांतली एक.

जनावरांच्या डॉक्टरांनी कळपाचे रक्त तपासले आणि रोगट शेळ्या वेगळ्या काढल्या. सुकन्या वैशाखात दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, दिवस भरायच्या थोडी आधी, वजनाला हलकी, पण रडली खणखणीत. गहिनीनाथ बाहेरच उभा राहिला. मांडीवर घ्या म्हटले, तर म्हणाला, "हात धुवून येतो," आणि साबणाने कोपरापर्यंत हात धूत राहिला, इतका वेळ की साखराबाईला नळ बंद करावा लागला.

घरी आल्यावर त्याने निरोगी शेळीची धार काढली आणि आज्ज्याचा नेम मोडून दूध चुलीवर चढवले. दूध वर आले, त्याने खाली घेतले. पुन्हा चढवले, पुन्हा वर आले. तीन उकळ्या येईपर्यंत तो चुलीपुढून हलला नाही. मग तीच पितळेची वाटी भरून सुकन्येपुढे आला. आजवर त्याने वाटी नेहमी हातात दिली होती. आज ती जमिनीवर ठेवली, आणि तो उंबऱ्याशी जाऊन बसला.

"आबा, हातात द्या की."

त्याच्याने उठवेना. सुकन्येने लेकराला एका हाताने सावरले, वाकून वाटी उचलली आणि घोटाघोटाने दूध प्यायली. तो जमिनीकडे पाहत होता.