आवाजाचा फिल्टर

भोरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी घरच्या टाकीसाठी फिल्टर बघत होतो. शेजारी उत्रोलीकडचे एक टोपीवाले आजोबा होते. दुकानदार एकेक फिल्टर बादलीत चालू करून दाखवी आणि आजोबा, विहिरीवरची मोटार ऐकावी तसे, डोळे मिटून बादलीला कान लावत.

"ह्याचा आवाजच येत नाही," दुकानदार कौतुकानं म्हणाला.

"मग न्हाई कामाचा. घरघरणारा दाव."

शेवटी दम लागल्यासारखा खरखरणारा एक फिल्टर सापडला. आजोबांचा चेहरा उजळला. मला राहवेना. "आजोबा, एवढा आवाज कशाला?"

"आमची मंडळी म्हणत्यात, तुमी लई घोरता. आता सांगायचं, म्या न्हाई, मासं घोरत्यात!"

मला माझ्या बायकोचे रोज सकाळचे तारवटलेले डोळे आठवले. हातातला बिनआवाजाचा फिल्टर खाली ठेवून मी हळूच दुकानदाराला विचारलं, "तसलाच अजून एक आहे का?"