अडतीस सालचं आमंत्रण

जगबुडीची तारीख पक्की ठाऊक असूनही दर वर्षी केळीची नवी लागवड करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ही जगबुडी पाण्याची नव्हे, संगणकांची. ती दोन हजार अडतीसच्या जानेवारीत यायची आहे. साडूसाहेब लोणखेड्याचे, गणित शिकवून निवृत्त झालेले. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती, आणि या यंत्राच्या पोटात काय दुखतं ते आपल्यालाच कळतं, अशी त्यांची तेव्हापासून ठाम समजूत आहे. त्यांचं म्हणणं असं, की पुष्कळशी जुनी यंत्रं सत्तर सालापासूनचे सेकंद मोजत बसली आहेत आणि ते आकडे मावायला त्यांच्याकडे ठरावीकच जागा आहे. ती भरली, की जुन्या वीजमीटरचे आकडे सगळे नऊ झाल्यावर शून्यावर यायचे, तशी ही यंत्रं थेट एकोणीसशे एक सालात जाऊन पडतील. हे खोटं नाही, मी जाणकारांना विचारून खात्री केली आहे. फरक इतकाच, की जाणकार मंडळी दुरुस्ती चालू आहे असं सांगून चहा पितात आणि साडूसाहेबांचा चहा निवून जातो.

काळजी करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. दोन हजार साल उजाडणार होतं तेव्हा सगळी गल्ली त्यांनी कामाला लावली होती. घरोघरी टाक्या भरल्या, दादर ज्वारी आधीच दळून ठेवली, कंदिलाच्या काचा पुसल्या. पहिल्या जानेवारीच्या सकाळी आपण सोडून सगळं जग सुरळीत चालू आहे असं दिसल्यावर साडूसाहेब तडक शहाद्याच्या एसटी स्टँडवर गेले. तिथे धडगावची गाडी चक्क वेळेवर लागली होती. एवढ्या वर्षांत जे घडलं नाही ते आज घडलं, म्हणजे घड्याळात काहीतरी नक्की बिघडलंय, असं त्यांनी फलाटावर उभं राहून जाहीर केलं. पुढे पंधरवडाभर गल्ली शिळ्या पिठाच्या भाकरी खात होती आणि त्यांना नावं ठेवत होती. त्या थट्टेला त्यांचं उत्तर एकच, आणि ते आजही तेच आहे: "घर गळनं नही म्हनीसन कौलं चाळनारा याडा का?" आधी कोणीतरी राबून दुरुस्ती केली म्हणून काही झालं नाही, असा त्याचा अर्थ.

दिसेल त्या यंत्राची तारीख पुढे ढकलून बघायची, ही त्यांची दुसरी खोड. पाहुण्यांना मोबाईल खिशातून काढून टेबलावर ठेवायची सोय नाही. एकदा माझ्या मोबाईलवर दिवसभर एकही निरोप येईना. संध्याकाळी पाहतो तर मोबाईल अडतीस सालात. पुतणीच्या हळदीला तर त्यांनी फोटोग्राफर जेवायला बसल्याची संधी साधून त्याच्या कॅमेऱ्यावर प्रयोग केला. त्या जोडप्याचा मुलगा आता पहिलीत आहे आणि अल्बमवरच्या तारखांप्रमाणे त्याच्या आईवडिलांचं लग्न अजून व्हायचंय. केळीला पाणी सोडायचं आपोआप चालणारं यंत्र सगळ्या शिवारात बसलं, पण यांच्या मळ्यात नाही. हे अजून स्वतः वाकून हाताने कॉक फिरवतात. घरातलं घड्याळही चावीचं, आणि त्याला रोज सकाळी चावी देण्याचा मान दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग गेल्या पावसाळ्यात त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई, स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. सुरतेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचे ठोके फार मंद पडताहेत, छातीत पेसमेकर बसवावाच लागेल, आणि तोही लवकर. सही करायला साडूसाहेबांना आत ताईच्या पलंगापाशी बोलावलं, मागोमाग मीही गेलो. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, या मशीनला अडतीस साल कळतं का?

डॉक्टर तरुण होता, पण सोशिक. ठोका द्यायला तारीख लागत नाही, तारीख नुसती नोंदीपुरती असते, असं त्याने समजावलं. शिवाय बॅटरी साधारण दहाएक वर्षं चालते, मग मशीन बदलायचंच असतं. साडूसाहेबांनी मनात हिशेब केला आणि पेन बंद केलं. म्हणजे दुसरं मशीन ऐन अडतीसच्या तोंडावर बसणार, तेव्हा त्या दुसऱ्या मशीनचं आत्ताच सांगा, असा त्यांनी हट्ट धरला. डॉक्टरने कपाळाला हात लावला. बाहेर बाकावर माझी बायको रडत होती. मला त्या माणसाचा असा संताप आला, की नात्याची भीड न ठेवता चार शब्द सुनवायला मी पुढे झालो.

तेवढ्यात पलंगावरून हसण्याचा आवाज आला. ताईला धड बोलवत नव्हतं, पण ती हसत होती. नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "अडतीस सालमा मी ऱ्हासू, यानी तुमले शंकाच नही शे ना? मंग बसाडू द्या त्यासले मशीन."

साडूसाहेब तिच्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे ती उद्यापर्यंत तरी राहील का या धास्तीत होतो, आणि हा एकटा माणूस तिच्या पुढच्या मशीनवरून भांडत होता. ती नसेल असं अडतीस साल त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तू नही तं कसानं अडतीस." मग त्यांनी सही केली. माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले, आणि ते राहिले याचं मला आजही बरं वाटतं.

ताई आता ठणठणीत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालते आणि नवऱ्याला कावळे हाकायला बसवते. रोज सकाळी घड्याळाला चावी दिली, की साडूसाहेब तिचं मनगट धरून घड्याळाच्या काट्याकडे बघत उभे राहतात. मशीनची परीक्षा चाललीय असं सांगतात. ती हात सोडवून घेत नाही.

परवा आम्ही गेलो होतो, तेव्हा ताईने आमंत्रण दिलं. अडतीसच्या त्या जानेवारीत दोघांनी इकडेच यायचं, मळ्यात भरीत-भाकरी करू. साडूसाहेब लगेच कामाला लागले: गॅसचा भरवसा धरायचा नाही, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, त्याला संगणक लागत नाही. मी हसून होकार दिला. परतीच्या वाटेवर मी त्या साली आपली वयं काय होतील याचा हिशेब करत होतो. यंत्रांचं काय व्हायचं ते होवो. त्या दिवशी मळ्यात काड्या पेटाव्यात आणि आम्हा चौघांची पानं मांडली जावीत, एवढं मला मनापासून हवं आहे.