रामसेवकची आधी आलेली हाक

मी हिरामणची कॉलर धरून त्याला शेडच्या दाराकडे ओढत होते. तो मला शिव्या घालत होता. मागे रिअॅक्टर, म्हणजे गोंद शिजवायचं ते मोठं बंद भांडं, आतून गुरगुरत होतं आणि झाकणाच्या कडेने डोळे झोंबवणारी वाफ सुटली होती. रामसेवक पाण्याचा व्हॉल्व्ह उघडत होता. त्याने तोंडावरचा ओला गमछा खाली ओढला आणि ओरडला, "ले जाओ अम्मा, हिरामन को ले जाओ."

हेच वाक्य, याच आवाजात, मी थोड्या वेळापूर्वी घरामागे ऐकलं होतं... ते ऐकूनच तर मी शेडमध्ये आले होते.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. चौथी शिकले, लग्न होऊन दापोड्याला आले, भात लावला, नवरा पोचवला. कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. अंगात येणाऱ्या बायांना मी तोंडावर सांगते, घरी जा, भांडी घासा.

आमच्या शेतात गोडाऊनं उभी राहिली, त्यानंतर चार-पाच वर्षांनी झालेली ही गोष्ट. घरामागची शेड आम्ही एका शेठला भाड्याने दिली होती. लूमवर चढवायच्या आधी सूत ताठ करायला लागतो, तो अॅक्रेलिकचा गोंद तिथे बनायचा. माझा मुलगा हिरामण तिथेच कामाला होता. रामसेवक ऑपरेटर, जौनपूरकडचा. मला अम्मा म्हणणारा गावात तो एकटाच.

त्या दुपारी बॅच झोपली होती. हा त्यांचा शब्द. माल भरला, तापवला, कॅटॅलिस्टची पावडर टाकली, तरी गोंद धरत नाही — म्हणजे बॅच झोपली. हिरामणला शेठचा फोन आला : लाईट जायच्या आत माल काढा, झोपली असेल तर अजून एक डोस द्या. रामसेवकने दिला. "अब उठेगी महारानी," म्हणून हसलाही.

नंतर चौकशीला आलेल्या साहेबाने सांगितलं, बॅच झोपत नसते. ड्रममध्ये माल टिकावा म्हणून त्यात एक औषध घातलेलं असतं, पावडर आधी त्याच्याशी झगडते. ते औषध संपलं की सगळं एकदम सुटतं. गोंद जितका घट्ट, तितका वेग जास्त, आणि आतली आग बाहेर पडत नाही. त्यात डोस दुप्पट. शेठला हे माहीत नव्हतं? ऑफिसच्या भिंतीवर डिग्री टांगून बसला होता.

डोस पडला तेव्हा मी मागच्या पडवीत बोंबील साफ करत होते. कानाशी रामसेवकची ती हाक आली, अगदी स्पष्ट. वळले तर मागे नुसता बांध. मला भीती वाटली नाही, राग आला. तशीच उठून शेडमध्ये गेले.

"काय रं, कशाला बोलावतंस?"

रामसेवक गमछ्याआडून म्हणाला, "हमने कहाँ बुलाया अम्मा? कान साफ करवाओ."

"मंग कोन मेला वरडला?"

"आये, जा घरी," हिरामण वैतागला. "हाताला बोंबलाचा वास मारतंय, ते घेऊन हितं फिरतंस."

तेवढ्यात ढवळायची मोटर कण्हली आणि अडकली. दोघांचे चेहरे उतरले. मी विचार केला नाही, कॉलर धरली.

आम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं आणि झाकण उडालं.

शेठने पोलिसांना सांगितलं, डोस ऑपरेटरने स्वतःच्या मनाने दिला. हिरामणने फोनचं सांगितलं, तर शेठ म्हणे, पोराच्याच ऐकण्यात चूक झाली असेल. गावातल्या बाया नारळ घेऊन आल्या, गावदेवी पावली म्हणाल्या. मी नारळ परत पाठवले. हाक देवीची नव्हती, रामसेवकची होती. त्याने हाक मारायच्या आधीच ती मला कशी ऐकू आली, हे आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. डॉक्टरने कान तपासले, कान ठीक आहेत.

रामसेवकच्या बायकोला मी फोनवर सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अम्मा, उनको भी ले आतीं."

तिचं बरोबर आहे. त्या हाकेला त्याचंही नाव घ्यायला काय झालं होतं? माझा राग त्यावर आहे, तो जात नाही.

शेडमध्ये आम्ही तिघं होतो. मी वाचले. हिरामण वाचला.