गुडबायवाल्या बाई

एसटीत गळ्यात पडणारी माणसं मला सोसत नाहीत. संगमनेरहून भंडारदऱ्याला जाताना त्या बाई नेमक्या माझ्याच शेजारी, दाराजवळच्या सीटवर होत्या. मांडीवर पेरूंची पिशवी. कुणीही उतरलं, ओळखीचं असो नसो, की हात हलवून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "गुडबाय!" त्यांचं झाल्याशिवाय कंडक्टरही घंटी मारत नव्हता.

शेवटी मी वैतागून म्हणालो, "बाई, नुसतं बाय म्हटलं तरी चालतं की."

त्या हसल्या. "मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे मी. गुडबाय म्हणजे मूळचं 'देव तुझ्यासंगं असो'. बोलून बोलून एवढं मोठं वाक्य झिजलं. उरलंय तेही मी कशाला तोडू?"

"पण उतरलेला माणूस वळूनसुद्धा बघत नाही."

"त्याला कुठं म्हणते? मी देवाला सांगते, याच्यासंगं उतर म्हणून."

अकोले आलं तशा त्या स्वतः उतरल्या. "येते हं," म्हणाल्या आणि पिशवी सावरत दारासमोरच उभ्या राहिल्या. हलेचनात. मग कंडक्टरनं, मागच्या बायकांनी आणि सगळ्यांत मोठ्यानं मी "गुडबाय!" म्हटलं. तेव्हा कुठं बाई समाधानानं घराकडे वळल्या.

कंडक्टरनं घंटी मारली आणि लगेच कपाळाला हात लावला.

"आवो, देव तर बाईंसंगं उतरला! आन् घाट अजून पुढंच हाय."