गोळीचा रंग

नळदुर्गच्या बाजारात उन्हात बसून मिरच्या विकणाऱ्या शिवकांताआत्याचं तोंड निळसर काळं पडलं होतं. भाचीच्या हळदीला भावजय उमादेवी सगळ्यांदेखत म्हणाली, "वन्सं, तुम्ही लांबच बसा. कसला रोग हाय ठाव न्हाय, पोरीला लागायचा."

आत्या उठली अन् थेट नवरीच्या पाटापाशी गेली.

"रोग न्हाय, गोळीचा रंग हाय! माझं काळीज वेडंवाकडं धडधडायचं, ते ह्या गोळीनं ताळ्यावर आणलं. ती कातडीत साठती, ऊन लागलं की रंग काळवंडतो. डॉक्टर म्हणले, ऊन टाळा. सावलीत बसले तर गिऱ्हाईक कोण येतंय? गोळी घेतली नसती तर गोरीच ऱ्हायले असते, पर भिंतीवरच्या फोटोत. आण ती हळदीची वाटी!"