चार बोटं खाली

आमच्या म्हसावदला वत्सलाकाकूंच्या तोंडाला सगळे टरकून असतात, आणि मांड्यांची गरज पडली की त्याच तोंडाची मनधरणी करत ओट्यावर येऊन बसतात. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण नुसती पोळपाटावर लाटून काम भागत नाही. लाटलेला मांडा दोन्ही हातांवर घ्यायचा, कोपरापर्यंत झुलवत झुलवत मोठा आणि पातळ करायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. काकू मांडा टाकायला लागल्या की लग्नघरातली माणसं कामं सोडून बघत बसतात. मी त्यांच्या शेजारची, शाळेत मास्तरीण, आणि मला आजवर एक मांडा धड जमलेला नाही. काकू हे मला दर सणाला ऐकवतात.

त्यांचे यजमान रूपचंदकाका शेतावरच्या मोटारी दुरुस्त करतात. उभ्या जन्मात त्यांनी बायकोच्या मांड्याला बरं म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. खातात, हात धुतात, दुकानात जातात. मला या माणसाचा राग यायचा, स्पष्टच सांगते.

दोन वर्षांपूर्वी काकूंचा उजवा खांदा धरला. हे मला ठाऊक होतं, कारण तेल चोळायला मीच हाताशी सापडले होते. बाकी कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तंबी होती. खापर दुसरीच्या हाती जाईल, ही त्यांची धास्ती. त्यात येत्या रविवारी गावातल्या दिलवरसिंग यांच्या मुलीचं लग्न, आणि मांडे काकूंकडे. पण काकू निर्धास्त होत्या.

"तेल लागू पडनं," त्या म्हणायच्या. "घरमा आते काईच अडस नही."

लग्नाच्या आधी गावात बचत गटांचा मेळावा भरला. त्यात घरी बनवलेल्या स्वयंपाकाच्या यंत्रांची स्पर्धा होती, आणि परीक्षक म्हणून काकूंना आणि मला बसवलं. गुण दोन गोष्टींना द्यायचे, रचनेला आणि कल्पकतेला. वस्तूंवर नुसते क्रमांक होते, कुणी काय केलंय ते आम्हाला माहीत नव्हतं. काकूंनी पहिल्या तीन वस्तूंची पार पिसं काढली. मिरचीचे देठ तोडायच्या यंत्राला त्यांनी विचारलं, तुझे हात धुवायला कोण येणार?

चौथ्या वस्तूवरचं फडकं काढलं. लाकडी चौकटीवर सागाचे दोन लांब हात. बाकदार, घासून गुळगुळीत केलेले. दांडा फिरवला की एक हात वर जायचा, दुसरा खाली यायचा. मांडा झुलवायचं यंत्र होतं ते. ज्या कामासाठी या बाईला पंचक्रोशीत मान, ते काम एक दांडा फिरवून होणार होतं.

काकूंनी यंत्राभोवती एक फेरी मारली. मग त्यांना चूक सापडली आणि त्यांचा आवाज चढला.

"हाई वाकडं बसाडेल शे. जेवना हात डावापेक्षा चार बोटं खाले शे. असा मांडा कोन झुलाडस? थांब, दखाडस."

त्या यंत्राच्या मागं उभ्या राहिल्या आणि आपले दोन्ही हात त्या सागाच्या हातांना लावून धरले. डावा डाव्यावर बसला. उजवा त्यांनी वर उचलला, आणि तो जिथं थांबला तिथंच सागाचा उजवा हात होता. कोपराला कोपर, मनगटाला मनगट. मी शेजारी होते.

"हाई तं मन्हाच हात शेतस," त्या हळूच म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हाई कोनी करं?"

मागच्या रांगेतून रूपचंदकाका उठले. "मी करं."

मी हादरले. शेजारी राहून मला याचा पत्ता नव्हता. आणि काकू? ज्या दुखण्याची दोन वर्षं राखण केली, ते लाकडात कोरून अख्ख्या गावापुढं मांडलेलं, आणि तेही घरच्याच माणसानं. काकूंनी गुण दिले, ते मात्र उभ्या उभ्या.

"रचनाले दहापैकी दहा. कल्पकताले सुन्य. कल्पना मन्ही शे, चोरेल शे."

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. "तुम्हले कसं समजनं?"

"तू लगनना मांडास्ले जाये तव्हय मी मांडणी खाले करी," काका म्हणाले. "कपडास्नी दोरी खाले करी. खुट्या खाले ठोक्यात. दर खेपले थोडं थोडं. तुन्हा हात पुरे नही म्हनीसन."

हसू जागीच थांबलं. काकू सभागृहाबाहेर पडल्या. मी त्यांच्या मागं धावले.

घरी त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांच्या मांडणीच्या वर भिंतीवर चुन्यानं बुजवलेली भोकं होती, एकावर एक, पार वरपर्यंत. रोज त्या भिंतीपुढं उभं राहून या बाईनं स्वयंपाक केला होता आणि मनाशी म्हटलं होतं, हात सुधारतोय. हात सुधारला नव्हता. त्यांच्यासाठी घर खाली येत होतं. मी त्या माणसाला काय काय समजले होते, आणि आता त्याला चांगलं म्हणावं की वाईट तेही कळेना.

काकूंनी उजवा हात उचलला, सगळ्यात वरच्या भोकाकडं. अर्ध्यावरच तो अडकला. मला बघवेना. मी त्यांच्या कोपराला आधार द्यायला गेले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "कितला उरेल शे ते माले देखू दे."

बराच वेळ त्यांनी तो तसाच धरला. मग खाली घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"रविवारले ते यंत्र संगे लेसू," त्या म्हणाल्या. "पन त्यास्ले सांग, मांडणी जठे व्हती तठेच ठोका. मी पाटवर चढसू."